व्यापाराचा पट आणि दुकानाचा गल्ला

या पानावर बहुतेक वेळा जीएसटी, सुताचे भाव, बँकेच्या योजना असे विषय असतात. आज आम्ही मुलांच्या एका खेळावर लिहीत आहोत, म्हणून व्यापारी बंधूंनी लगेच पान उलटू नये. घराघरांत ज्याला 'व्यापार' किंवा 'बिझनेस' म्हणतात तोच हा खेळ. पुठ्ठ्याचा चौकोनी पट, त्यावर शहरांची नावे, नकली नोटा, शहरांची कार्डे आणि बोटाच्या पेराएवढी घरे. चारजण सारखे भांडवल घेऊन निघतात. ज्या शहरावर सोंगटी थांबेल ते विकत घ्यायचे, घरे बांधायची, दुसऱ्याची सोंगटी तिथे आली की भाडे वसूल करायचे. रात्री उशिरा एकाचे साम्राज्य उरते आणि बाकीचे तिघे दिवाळखोर होऊन झोपायला जातात. आमच्या घरच्या पटावर मुंबई, दिल्ली, कलकत्ता आहे. जळगाव नाही, धुळे तर नाहीच. तरी या पटावर जळगाव-धुळ्याच्या दुकानदाराला शिकण्यासारखे जे आहे, ते शिकायला आम्हाला चार वर्षे आणि सुमारे अकरा लाख रुपये लागले. पटावर तेच दोन तासांत दिसते.

या खेळाचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईने १९०४ साली अशा खेळाचे पेटंट घेतले. नाव होते 'जमीनदाराचा खेळ'. सगळी जमीन एकाच्या हाती गेली की बाकीच्यांचे काय होते, हे लोकांना दाखवावे हा तिचा हेतू. तिने खेळाचे दोन प्रकारचे नियम केले होते. एका नियमाने एकजण सगळ्यांना बुडवतो, दुसऱ्या नियमाने वाढलेल्या संपत्तीत सर्वांना वाटा मिळतो. पुढे १९३५ साली एका मोठ्या कंपनीने हा खेळ 'मोनोपॉली' नावाने बाजारात आणला, तो चार्ल्स डॅरो या दुसऱ्याच माणसाच्या नावावर. मॅगीबाईंना पेटंटचे ५०० डॉलर मिळाले. बुडवण्याचा नियम जगभर गेला आणि वाटून घेण्याचा नियम मागे पडला. आपला देशी 'व्यापार' याच घराण्यातला.

आता काही वाचक विचारतील की मुस्लिम साप्ताहिकात फाशांचा खेळ कसा? प्रश्न रास्त आहे. फाशांच्या खेळाबद्दल, म्हणजे नर्दबद्दल, सहीह मुस्लिममध्ये सक्त ताकीद आलेली आहे, आणि शतरंजबद्दलही इमामांमध्ये मतभेद आहेत. आम्ही आलिम नाही. मोहल्ल्याच्या मौलानांना विचारले तेव्हा ते म्हणाले की पैसे लावून खेळणे हराम, त्यात चर्चाच नाही. फासे बाजूला ठेवा. नमाज चुकत नसेल आणि मुलांना हिसाब शिकवायचा असेल तर चिठ्ठ्या काढून खेळायला माझी हरकत नाही. म्हणून आमच्या घरी फाशाच्या जागी एक वाडगा असतो आणि त्यात १ ते ६ आकड्यांच्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. ज्यांचे आलिम याहून कडक सांगतील त्यांनी त्यांचे ऐकावे. खालचा हिसाब पटाशिवायही समजतो.

मागच्या मे महिन्यात सुटी होती, ऊन असे की दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही. घरी आमची धाकटी मुलगी, पुतण्या, शेजारचा एक मुलगा आणि आम्ही असे चौघे बसलो. प्रत्येकाला २० हजार वाटले. पुतण्या कॉमर्सचा पदवीधर, दुकानात आमच्याबरोबर बसतो. त्याचे धोरण सरळ होते: जिथे सोंगटी थांबेल ते शहर घ्यायचे. तिसऱ्या फेरीअखेर त्याच्याजवळ अकरा शहरे होती. कार्डे समोर अशी पसरलेली की पाहणाऱ्याला वाटावे हाच बादशाह. हातात रोकड मात्र १,२०० रुपये. मुलीजवळ एकाच रंगाची तीन शहरे, त्यांवर घरे, आणि ५ हजार रुपये ती पटाखाली दाबून ठेवायची. त्याला हात लावायचा नाही, असे तिने ठरवले होते. पुतण्याची सोंगटी तिच्या शहरावर आली. भाडे ४,५०० रुपये. त्याने ३ हजारांचे एक आणि ३,६०० चे एक शहर बँकेकडे गहाण टाकले. गहाणाला अर्धी किंमत मिळते, म्हणजे १,५०० आणि १,८००. त्यात हातातले १,२०० घातले की बरोबर ४,५००. भाडे दिले आणि रोकड शून्य. गहाण पडलेल्या शहरांचे भाडे मिळत नाही, ती सोडवायची तर दहा टक्के व्याज वर. पुढच्या चिठ्ठीला त्याची सोंगटी कराच्या घरावर गेली. आणखी एक शहर गहाण. असे करत असरच्या अजानपर्यंत अकरा शहरांचा मालक पटाबाहेर झाला.

तो हसत होता. आम्हाला हसू आले नाही, कारण हा डाव आम्ही खऱ्या नोटांनी खेळलो होतो.

आमचे जळगावचे कापडाचे दुकान वडिलांपासूनचे. साड्या, ड्रेस मटेरियल, शर्टिंग-सुटिंग, चादरी. खर्च वजा जाता महिन्याला चाळीसेक हजार सुटायचे. सुरतेच्या व्यापाऱ्याला आठ दिवसांत रोख दिले की तीन टक्के सूट मिळायची, आणि ती आम्ही कधी सोडली नाही. २०१३ साली धुळ्याला आग्रा रोडच्या बाजूला एक गाळा मिळाला. जागा चांगली, लग्नसराई तोंडावर. डिपॉझिट ६ लाख, फर्निचर ४ लाख. हे घरचे गेले. माल भरला १४ लाखांचा. त्यातला ५ लाखांचा रोखीने, ९ लाखांचा साठ दिवसांच्या उधारीवर. लोक म्हणू लागले, आता जळगाव-धुळे दोन्हीकडे यांचा बोर्ड. आम्हालाही ते ऐकायला गोड वाटायचे. खोटे कशाला बोलावे?

आता हा हिसाब नीट पाहावा. नव्या जागेत माल सरासरी १५० दिवसांत फिरत होता. चौदा लाखांचा माल १५० दिवसांत, म्हणजे दिवसाला खरेदीभावाने साधारण ९,३०० रुपयांचा माल उठतो. साठ दिवसांत झाले ५ लाख ६० हजार. त्यातला तिसरा हिस्सा उधारीवर गेलेला, कारण खानदेशात कापूस आणि केळीचे पैसे आल्याशिवाय शेतकरी गिऱ्हाईक रोख देत नाही आणि नव्या दुकानदाराला नाही म्हणता येत नाही. तेव्हा हातात आले सुमारे ३ लाख ७० हजार. वरचा नफा गाळ्याचे भाडे, वीज आणि नोकरांच्या पगारात संपला. आणि साठाव्या दिवशी द्यायचे होते ९ लाख. म्हणजे सव्वापाच लाखांहून जास्त खड्डा, आणि तोही दुकान उत्तम चालत असताना! गिऱ्हाईक होते, नफा होता, माल खपत होता. पैसे मात्र द्यायच्या तारखेला नव्हते. बंधूंनो, तोट्यात दुकान बंद पडते हे सगळ्यांना माहीत आहे. नफ्यातले दुकानही तारखेमुळे बंद पडते, हे आम्हाला पन्नाशीला टेकल्यावर कळले.

खड्डा आम्ही जळगावच्या गल्ल्यातून भरला. त्यामुळे जळगावची सुरतची देणी लांबली, तीन टक्के सूट गेली, आणि बाजारात 'पार्टी ढिली झाली' अशी कुजबुज सुरू झाली. शहाण्याने इथे थांबावे. आम्ही २०१५ साली नंदुरबारला तिसरे दुकान घातले! मनात असे की तीन दुकानांची खरेदी एकत्र केली तर भाव स्वस्त पडेल. भाव पडला थोडा स्वस्त, पण उधारी तिप्पट झाली. मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. नोटाबंदी लग्नसराईच्या तोंडावर. गिऱ्हाईकाजवळ नोटा नाहीत, उधारीवाले फोन घेईनात, एका किरकोळ दुकानदाराचे दोन चेक परत आले. त्या काळात आम्ही एका खाजगी माणसाकडून दोन लाख रुपये महिना दोन टक्क्यांनी उचलले. हे लिहिताना मान खाली जाते. वर्षाचे व्याज झाले ४८ हजार. २०१७ च्या सुरुवातीला नंदुरबारचे दुकान बंद केले, फर्निचर मातीमोल गेले, आणि मुलांच्या अम्मीचे दागिने जळगावच्या सराफ्यात विकून ते व्याजाचे कर्ज फेडले. तिने एक शब्द बोलून दाखवला नाही. त्या न बोललेल्या शब्दाखातरच हा लेख लिहावासा वाटला.

एक गोष्ट अजून सलते. २०१५ च्या रमजानमध्ये आम्ही जकात अंदाजाने दिली. 'इतके होत असतील, वरून थोडे जास्तच देऊ' असे म्हणून. त्यात थोडी बढाईही असावी. जकातीचा खरा हिसाब मांडला असता तर सगळे डोळ्यांपुढे आले असते. कारण त्यासाठी काय मोजावे लागते? विक्रीसाठी ठेवलेला सगळा माल आजच्या विक्रीभावाने, रोकड, बँकेतली शिल्लक, येणे असलेली वसूल होण्याजोगी उधारी; त्यातून द्यायची देणी वजा. उरलेली रक्कम निसाबाइतकी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी किंवा जास्त असेल आणि वर्ष झाले असेल तर अडीच टक्के. दुकानाची जागा, फर्निचर, गाडी त्यात धरत नाहीत. माग चालवणाऱ्या बंधूंचा माग धरत नाहीत, त्यावरचे सूत आणि तयार कापड धरतात. शिवणारा असो की सुतार, त्याचे मशीन आणि हत्यारे धरत नाहीत. आता त्या वर्षी आमची यादी अशी होती: फर्निचर भरपूर, डिपॉझिट अडकलेले, माल उधारीचा, देणी डोंगराएवढी. देणी वजा केल्यावर हाती किती उरते हे आम्ही कागदावर पाहिलेच नाही. चार्टर्ड अकाउंटंट ताळेबंद करून देतो, त्यावर आपण सही करतो आणि फाइल कपाटात जाते. जकातीचा हिसाब स्वतः बसून, थान मोजून करावा लागतो. दुकानाची तब्येत कळायला याहून सोपा रस्ता आम्हाला तरी माहीत नाही.

धुळ्याहून मालेगावकडे निघाले की लळिंगचा किल्ला दिसतो. बसमधून आपण तो शेकडो वेळा पाहिलेला असतो. आपल्या खानदेशावर दोनशेहून अधिक वर्षे ज्या फारुकी घराण्याने राज्य केले त्यांचा तो किल्ला, आणि त्यांची कहाणी या पटाशी फार जुळते.

मलिक राजाला दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने १३७० साली थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली. थाळनेर म्हणजे शिरपूर तालुक्यातले तापीकाठचे, जिथे फारुकींच्या कबरी आजही आहेत. छोटे भांडवल, चांगली जागा. १३८२ पासून तो स्वतंत्रपणे वागू लागला. मग त्याने गुजरातच्या ताब्यातल्या सुलतानपूर-नंदुरबारवर हात टाकला. (नंदुरबार! आम्हाला वाचताना घाम फुटला.) गुजरातचा जफरखान फौज घेऊन आला, मलिक राजा थाळनेरला कोंडला गेला आणि घेतलेले परत देऊन तह करावा लागला. त्याचा मुलगा नासिरखान १३९९ ला गादीवर आला. त्याने दोन मोठी कामे केली: आसा अहिराकडून असीरगड मिळवला आणि बुऱ्हाणपूर वसवले. पण त्यालाही हाव सुटली नाही. १४१७ मध्ये भावाकडून थाळनेर घेतले, पुन्हा सुलतानपूरवर चाल केली, पुन्हा गुजरातची फौज आली, पुन्हा माफी. उतारवयात बहामनींच्या वऱ्हाडात शिरला, तर रोहणखेडला त्याचा पराभव झाला, बुऱ्हाणपूर लुटले गेले आणि त्याला या लळिंगच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. त्याच दिवसांत, १४३७ साली, तो वारला. त्याला हरवणारा बहामनी सरदार खलफ हसन हा मूळचा बसऱ्याचा व्यापारी, आणि त्याची पदवी होती मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार. हे वाचून आपल्या धंदेवाल्यांना बरे वाटेल, पण मुद्दा तो नाही.

मुद्दा असा की प्रत्येक वेळी त्यांनी फौजेच्या ताकदीपुढे जाऊन मुलूख घेतला तेव्हा घेतलेले गेले आणि वर खंडणी बसली. दुसऱ्या आदिलखानाने, ज्याचा काळ १४५७ ते १५०१, राज्य खूप वाढवले, गोंडवनात धाक बसवला, स्वतःला शाह-ए-झारखंड म्हणवून घेतले आणि गुजरातची खंडणी बंद केली. महमूद बेगडा चालून आला तेव्हा थकबाकीसकट मोजावी लागली. मग हे छोटे राज्य गुजरात, माळवा, बहामनी अशा तीन पहिलवानांच्या मध्ये १६०१ पर्यंत टिकले कसे? आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण बुऱ्हाणपूर. उत्तरेतून दख्खनकडे आणि सुरतेकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे शहर. तिथे विणकर होते, कापडाचा बाजार होता. राज्य गेल्यावरही तो बाजार उरला. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए तिथून गेला तेव्हा बुऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकेच काय पोलंड आणि मॉस्कोपर्यंत जाते असे त्याने लिहून ठेवले. फारुकींनी लढून घेतलेले मुलूख कोणाला आठवत नाहीत. बसवलेली पेठ टिकली.

त्यांचा शेवटही ध्यानात ठेवण्यासारखा. अकबराच्या फौजेने असीरगडला वेढा दिला तेव्हा बहादुरखानाजवळ अनेक वर्षे पुरेल इतके धान्य आणि दारूगोळा गडावर होता. गड लढून घेता येण्यासारखा नव्हता. पण माणसे आणि जनावरे दाटीने भरलेली, त्यात रोगराई पसरली, बाहेरची वाट बंद. बहादुरखान बोलणी करायला खाली आला आणि त्याला परत जाऊ दिले नाही. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला, कोठारे भरलेली असताना. आमच्या नंदुरबारच्या गोदामात शेवटच्या दिवशी अडीच लाखांचा माल होता. त्यातल्या जाड काठाच्या साड्यांची फॅशन गेली होती, आणि त्या आम्ही किलोच्या भावाने दिल्या.

जळगावने स्वतःही हा डाव एकदा मोठ्या प्रमाणात पाहिलेला आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव तेव्हा मोठी बाजारपेठ बनले. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळले आणि चढ्या भावात हात पसरून बसलेल्यांना जबर फटका बसला. बाजार पुढे सावरला. बुडालेली घरे सावरली की नाही, हे इतिहास लिहिणारे लिहीत नाहीत.

तर आता उपायाकडे येतो. त्या मे महिन्यातच आम्ही पटाचे नियम बदलून पाहिले. गहाण आणि व्याज काढून टाकले. ज्याला पैसे कमी पडतील त्याने बँकेकडे न जाता समोरच्या खेळाडूला भागीदार करून घ्यावे: शहर दोघांचे, भाडे ठरलेल्या प्रमाणात दोघांचे. आणि प्रत्येक फेरी म्हणजे एक वर्ष धरून, 'सुरुवात' ओलांडताना हातातल्या रोख रकमेवर चाळिसावा हिस्सा बाजूला काढायचा. जो आधी बुडेल त्याला त्यातून उभे करायचे. पहिल्यांदा मुलांनी कुरकुर केली की यात मजा काय. पण डाव रंगला. पाच हजार दाबून बसणाऱ्या मुलीला दर फेरीला १२५ रुपये जाताना दिसू लागले, तेव्हा तिने तो पैसा पुतण्याच्या शहरात भागीदारीला लावला. म्हणजे रोकड जपणे वेगळे आणि रोकड पुरून ठेवणे वेगळे, हे तिला न सांगता कळले. इशाच्या नमाजपर्यंत चौघेही पटावर होते. कोणी बादशाह झाला नाही हे खरे, आणि शेजारच्या मुलाने दुसऱ्या दिवशी 'जुन्या नियमाने खेळू' असा हट्ट धरला हेही खरे.

खऱ्या बाजारात याला शिर्कत आणि मुजारबत म्हणतात, आणि आपल्या बुजुर्गांना ते नवीन नव्हते. मुजारबतीत एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरलेल्या हिश्शाने वाटायचा. तोटा झाला आणि त्यात काम करणाऱ्याचा हलगर्जीपणा नसेल तर पैसा पैसेवाल्याचा जातो, काम करणाऱ्याची मेहनत जाते. शिर्कतीत दोघांचाही पैसा असतो. नफ्याचे प्रमाण आपसात ठरवता येते, तोटा मात्र भांडवलाच्या प्रमाणातच. महिन्याला अमुक हजार ठरवून द्यायचे, असे करता येत नाही. ते मग भागीदारीच्या नावाखाली व्याज होते. आपल्याकडे नेमकी हीच चूक होते. नातेवाइकाचे दोन लाख घेतात आणि 'दर महिन्याला चार हजार देतो' म्हणतात, आणि दोघेही बिसमिल्लाह म्हणून सुरू करतात.

धुळ्याचे दुकान आम्ही २०१८ साली याच रीतीने पुन्हा उभे केले. तिथे पाच वर्षे काम केलेला सेल्समन होता, गिऱ्हाईक त्याला नावाने ओळखायचे. मालासाठी एकूण ८ लाख भांडवल ठरले: ६ लाख आमचे, २ लाख त्याचे. काउंटर तो सांभाळणार म्हणून नफा निम्मा-निम्मा. तोटा झाला तर पाऊण आमचा, पाव त्याचा. स्टॅम्प पेपरवर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, हा हुकूम सूरह बकराच्या ज्या आयतीत आहे ती कुरआनमधली सर्वांत लांब आयत आहे. तरी आपण 'घरचाच माणूस आहे' म्हणून लिहीत नाही आणि मग घरचाच माणूस कोर्टात भेटतो. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला. रमजान ईद आणि लग्नसराई दोन्ही गेली. त्या वर्षी तोटा आला ९६ हजार; ७२ आमचे, २४ त्याचे. दोघांनाही झोंबले. पण दुकान बंद असताना रात्री व्याजाचे मीटर फिरत नव्हते, आणि दुकान उघडले तेव्हा दोघेही सकाळी दहाला हजर होतो.

यंत्रमागवाल्या बंधूंसाठी थोडे वेगळे लिहायला हवे. चार मागांचे आठ करताना ते मागाची किंमत पाहतात आणि सुताचे पैसे विसरतात. माग दुप्पट झाले की सूतही दुप्पट लागते, आणि सूत बहुधा रोख. कापडाचे पैसे मात्र व्यापारी सावकाश देतो. आम्हीही त्यातलेच, कबूल आहे. इथे कायद्याचा थोडा आधार आहे तो घ्यावा. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला आयकराची जोड दिली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च, प्रत्यक्ष देईपर्यंत, वजा दाखवता येत नाही. तेव्हा उद्यम नोंदणी करावी आणि बिलावर तो नंबर छापावा. नुसत्या व्यापाऱ्याला विक्रेता म्हणून हा फायदा मिळत नाही, तो उत्पादकासाठी आहे. मोठ्या व्यापाऱ्याशी भांडायला जाऊ नये; बिलावर नंबर दिसला की त्याचा अकाउंटंटच त्याला आठवण करून देतो.

पुतण्या आता पारोळ्याला दुकान घालायचे म्हणतो. एरंडोल आणि धुळ्याच्या मध्ये, रस्ता चांगला, गाळा पाहून आला आहे. आम्ही हो किंवा नाही म्हटलेले नाही. त्याच्याकडे तीन आकडे मागितले आहेत: तिथे माल किती दिवसांत फिरेल, मालाचे पैसे कितव्या दिवशी द्यावे लागतील, आणि त्या दिवशी जळगावच्या गल्ल्याला हात न लावता हातात किती रोकड असेल. तिथल्या दोन दुकानांत बसून, चहा पिऊन त्याने पहिला आकडा आणला: १३० दिवस. दुसरा सुरतहून फोनवर आला: ४५ दिवस. तिसरा अजून आणायचा आहे. तोपर्यंत गाळ्याचे बयाणे देऊ नकोस, असे सांगितले आहे.